ब्लँक कॅनव्हस की ब्लू पीरियड: आधी कोणती वाचायची?

चित्रकलेच्या क्लासचा पहिला दिवस. सरांच्या हातात बांबूची तलवार, आणि अकिकोचं चित्र बघून त्यांनी ते वाईट आहे असं तोंडावर सांगितलंय. आजवर सगळ्यांनी हुशार म्हटलेली ही पोरगी पोटात दुखत असल्याचं सोंग करून निसटायला बघते. सर तिला चक्क पाठुंगळी घेतात, बसस्टॉपपर्यंत चालत सोडतात आणि उद्या ये म्हणतात. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी न जाणं तिला जमत नाही.

आणि हा दुसरा प्रसंग. यातोरा मित्रांबरोबर रात्र रात्र तोक्योच्या शिबुयात घालवतो. अभ्यासात चांगला, सगळ्यांशी गोड, पण कशातच जीव नसलेला मुलगा. पहाटेचं शिबुया त्याला निळं दिसतं. चित्रकलेच्या तासाला तो ते तसंच निळं रंगवतो आणि मित्र विचारतात, ही पहाट आहे ना? आपलं म्हणणं पहिल्यांदाच कुणापर्यंत पोचलं म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

पहिला प्रसंग अकिको हिगाशिमुरा यांच्या 'ब्लँक कॅनव्हस'मधला, दुसरा त्सुबासा यामागुची यांच्या 'ब्लू पीरियड'मधला. दोन्ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आर्ट कॉलेजच्या वाटेवरच्या मुलांच्या आहेत, आणि दोन्ही काढणारी माणसं स्वतः त्या वाटेने गेलेली आहेत. दोन्ही इंग्रजीत सहज मिळतात. पण दोन्ही एकदम घ्यायच्या तर खिशाला जड जातं, त्यामुळे आधी कोणती हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. माझं उत्तर ब्लँक कॅनव्हस. ते सगळ्यांना लागू पडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लँक कॅनव्हसचं मूळ नाव 'काकुकाकु शिकाजिका'. बोलताना तपशील गाळायचा असला की जपानी माणूस हे शब्द वापरतो, जसं आपलं 'अमुक-तमुक'. नाव असं असलं तरी आत लेखिकेने स्वतःच्या बाबतीत काहीही गाळलेलं नाही. हिगाशिमुरांचा जन्म 1975चा, क्यूशू बेटावरच्या मियाझाकीतला. पुस्तकातली अकिको हायाशी म्हणजे त्याच, आणि हिदाका सर म्हणजे त्यांचे खरे शिक्षक, नाव थोडं बदललेले. मियाझाकीतला तो क्लास, मग कानाझावाचं आर्ट कॉलेज, मग पुन्हा गाव, आणि शेवटी मांगाकार म्हणून उभं राहणं, असा हा सगळा प्रवास. पाच खंडांत गोष्ट पूर्ण होते. 2015 साली तिला मांगा ताइशो हा पुरस्कार मिळाला, आणि जपानच्या मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये मांगा विभागाचं सर्वोच्च पारितोषिकही.

हिदाका सर एकच शब्द शिकवतात: काढ. मूड नाही? काढ. काय काढू कळत नाही? काढ. शाळेतली मुलं असोत की म्हातारी माणसं, सगळ्यांना तोच मंत्र. प्लास्टरच्या पुतळ्यांची शेडिंगची चित्रं (जपानीत त्याला देस्सान म्हणतात) काढून काढून अकिकोचा हात तयार होतो आणि तिला कॉलेजात प्रवेश मिळतो.

इथून पुढचा भाग मला आर्ट कॉलेजबद्दल आजवर वाचलेल्या सगळ्या लिखाणात सर्वांत खरा वाटतो. कानाझावात 'काढ' म्हणून ओरडणारं कुणी नाही. मोठा कॅनव्हस समोर आहे, वेळ हवा तेवढा आहे, आणि पोरीला काहीच काढता येत नाही. ती पार्ट्या करते, भटकते, प्रेमात पडते, दिवस ढकलते. प्रवेशासाठी जिवाचं रान केलेली मुलं पहिल्याच वर्षी अशी मोकळी होऊन हरवतात, हे मी जवळून पाहिलेलं आहे. इतक्या प्रांजळपणे ते कुणी कागदावर उतरवलेलं मात्र पाहिलं नव्हतं. त्यात सरांना खात्री आहे की ही चित्रकार होणार, आणि हिला व्हायचंय मांगाकार. हे त्यांना सांगायचं धाडस तिला होत नाही. कॉलेज संपवून गावी परतल्यावर ती दिवसा वडिलांच्या कंपनीच्या कॉल सेंटरवर बसते, क्लासमध्ये सरांच्या हाताखाली शिकवते आणि उरलेल्या रात्रीत लपून मांगा काढते.

हे सगळं सांगणारी बाई पुस्तकात चाळिशीच्या आसपासची, यशस्वी मांगाकार आहे. ती थेट सरांशी बोलते. गंमतीच्या प्रसंगाच्या मध्येच एखाद्या चौकटीत 'सर' अशी हाक येते आणि पुढची ओळ गळ्यात अडकते. सर आता नाहीत हे वाचकाला लवकर कळतं, लेखिका ते लपवत नाही. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही ओढ इथे नाही. होतं ते एवढंच, की त्या मुलीने पुढे ढकललेली प्रत्येक भेट आपण डोळ्यांसमोर ढकलली जाताना बघतो.

ब्लू पीरियडमध्ये ओढ भरपूर आहे. यातोराच्या घरची परिस्थिती बेताची, खाजगी आर्ट कॉलेजची फी परवडणारी नाही. राहतं एकच: तोक्योच्या उएनोमधलं गेइदाइ, म्हणजे तोक्यो कला विद्यापीठ. सरकारी, नावाजलेलं, आणि ऑइल पेंटिंग विभागात साधारण वीस अर्जांमागे एक जागा. अनेक जण दोन-दोन, तीन-तीन वर्षं ड्रॉप घेऊन बसतात. यातोराकडे एवढा वेळ नाही, तो उशिरा ब्रश हातात घेतलेला मुलगा आहे.

चित्र कसं शिकतात हे पहिल्या सहा खंडांत इतकं तपशिलात येतं की ते जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखं वापरता येईल. चौकटीत आकार कसे बसवायचे, जुन्या चित्रकारांची चित्रं कशी वाचायची, कोळशाचं शेडिंग पावाच्या तुकड्याने कसं पुसायचं, हे सगळं गोष्टीच्या ओघात येतं. यामागुची स्वतः गेइदाइच्या. पात्रांची चित्रं म्हणून जी चित्रं दिसतात, त्यांतली बरीच खऱ्या चित्रकारांनी काढलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाचा हात खरोखरच वेगळा दिसतो. सगळी चित्रं एकाच मांगाकाराने काढली असती तर हे जमलं नसतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या वाचकाला वस्तुचित्राचा तास आठवेल, आणि तेव्हा 'छान आलंय'च्या पुढे कुणी काही का सांगितलं नाही, असंही वाटेल.

यातोराला जे चांगलं जमतं तेच त्याच्या आड येतं: समोरच्याला काय हवंय ते ओळखून देणं. परीक्षेत सगळे बरोबर काढतात, मग तुझं वेगळं काय, इथे तो अडखळतो. भोवतीची मुलंही मनात राहतात. योतासुके जन्मजात हुशार आणि एकटा. जन्माने मुलगा असलेली युका मुलींचा गणवेश घालते आणि घरच्यांच्या अपेक्षांशी झगडते. माकीच्या पुढे कायम तिची थोरली बहीण. परीक्षेचा निकाल सहाव्या खंडात लागतो आणि त्यानंतर गोष्ट कॉलेजात शिरते. तिथे वेग मंदावतो, प्रश्न अधिक अवघड होतात, काही वाचक गळतात. मला तो भागही आवडला, पण पहिल्या सहाची पकड त्याला नाही हे मान्य करते. ब्लू पीरियडलाही मांगा ताइशो मिळाला, 2020 साली, शिवाय त्याच वर्षीचा कोदान्शा मांगा पुरस्कार.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. हिदाका सर मारतात. तलवार नुसती दाखवायला नाही, आणि पुस्तक ते विनोदी अंगाने काढतं. लेखिकेचं सरांवर निरतिशय प्रेम आहे, तरी मला ती पानं वाचताना अवघडायला झालं. छडी खाल्लेल्या आपल्या पिढीला त्यात मायाही दिसेल. घरातल्या मुलांना देताना मात्र याबद्दल त्यांच्याशी बोला. ब्लू पीरियडचे शिक्षक, शाळेतल्या साएकी मॅडम आणि प्रवेशपरीक्षेच्या क्लासच्या ओबा मॅडम, आवाज न चढवताही तितकंच कठोर सत्य सांगतात. मुलांना कोणते शिक्षक मिळावेत असं विचाराल, तर या दोघी.

मग माझं उत्तर ब्लँक कॅनव्हस का? शाळेत आमचे ड्रॉइंगचे सर सुट्टीत चार मुलांना बसवून वस्तुचित्र करून घ्यायचे, एक पैसा न घेता. बारावीनंतर मी त्यांना एकदाही भेटले नाही. गावी जाणं व्हायचं, त्यांच्या घरावरून रिक्षा जायची, पुढच्या वेळी नक्की असं ठरायचं. पुस्तकाच्या शेवटच्या खंडात मला ती रिक्षा दिसली. ब्लू पीरियडने मला चित्र बघायला शिकवलं आणि त्याचे उपकार आहेतच, पण असं त्याने कुठे गाठलं नाही.

आत्मकथनाच्या अंगाने जाणारी तिसरी मांगा म्हणजे काझुहिको शिमामोतो यांची 'आओई होनोओ'. 1980च्या सुमाराचं ओसाका, आर्ट कॉलेज, आणि आपण मांगाकार होणारच अशा आवेशात जगणारा नायक. त्याचे वर्गमित्र म्हणजे पुढे अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये, मोठे झालेले दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि मंडळी, तीही खऱ्या नावांनी. अ‍ॅनिमेचा इतिहास आवडत असेल तर हिला तोड नाही, पण संदर्भ माहीत नसलेल्याचे निम्मे विनोद हुकतील. तिच्यावरची 2014ची टीव्ही मालिका बघणं सोपं. चिका उमिनोंची 'हनी अँड क्लोव्हर' आर्ट कॉलेजात घडते खरी, पण तिचा जीव आहे प्रेमकथेचा. चित्रकलेसाठी ती घेऊ नका.

वाचनाआधी थोडं पाहायचं असेल तर ब्लू पीरियडचं 2021चं अ‍ॅनिमे बारा भागांचं आहे आणि प्रवेशपरीक्षेपर्यंत नेतं, मात्र घाईने. जी चित्रं पानावर थांबून बघायची ती तिथे भुर्रकन जातात. ब्लँक कॅनव्हसवर मे 2025मध्ये जपानी चित्रपट आला, अकिको मेई नागानो आणि सर यो ओइझुमी. तरी पहिली भेट पुस्तकातच व्हावी असं मला वाटतं, कारण ती 'सर' ही हाक मांगाकाराच्या स्वतःच्या अक्षरचौकटीतून येते.

घरात कुणी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयासाठी प्रवेशपरीक्षेची तयारी करत असेल, किंवा 'हे क्षेत्र आपल्याला जमेल का' या विचारात असेल, तर ब्लू पीरियडचे पहिले सहा खंड घ्या, पुढचे नंतर बघू. ज्यांनी आयुष्यात कधीच चित्र काढलं नाही त्यांनीही तिथूनच सुरुवात करावी, काही माहीत असण्याची गरज नाही. ज्यांचं शिक्षण होऊन गेलंय, हातून काही सुटलंय, ज्यांच्या फोनमध्ये एका शिक्षकांचा नंबर आहे आणि तो बरीच वर्षं लावलेला नाही, त्यांनी ब्लँक कॅनव्हसचा पहिला खंड आणावा. मी पाचवा खंड मिटला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी आठला फोन लावला. सरांच्या मुलीने उचलला आणि म्हणाली, थांबा, देते.