पुणे–मुंबई, दोन पोरं बरोबर: गाडी काढावी की ट्रेन पकडावी?

आधी निकाल सांगते, ज्याला वेळ आहे त्याने पुढचं वाचा. पुण्याहून पोरांना घेऊन एका दिवसात मुंबई करून यायचं असेल आणि ठिकाण फोर्ट, भायखळा, वरळी, दादर या पट्ट्यात असेल तर सकाळची ट्रेन. बोरिवलीला मावशीकडे जायचंय, घोडबंदर रोडला मुंज आहे, पवईत बारसं आहे, तर कार. मोठी आठ वर्षांची, धाकटा चारचा, आणि नवऱ्याला ड्रायव्हिंगची भयंकर हौस, त्यामुळे आम्ही दोन्ही भरपूर केलंय, एका बाजूने लिहितेय असं समजू नका.

कारपासून सुरू करते. एक्स्प्रेसवे तसा वाईट नाही हे मान्यच करायला हवं. किवळ्याला चढलो की कळंबोलीपर्यंत ९४.५ किलोमीटर सिग्नल नाही, आणि शनिवारी सकाळी अख्खी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते ती समोरून, आपण उलट्या दिशेने, त्यामुळे पलीकडची रांग बघत आपण आरामात निघून जातो. त्रास सुरू होतो घाटात आणि तो ट्रॅफिकचा नसतो, पोटाचा असतो. घाटात कारला ६० ची लिमिट, वर कॅमेरे, पुढे ज्या लेनमध्ये नसायला पाहिजे नेमक्या त्याच लेनमध्ये घुसलेला ट्रेलर, सारखं ब्रेक सारखं अ‍ॅक्सिलरेटर, आणि मागे मान खाली घालून मोबाईल बघत बसलेलं पोर. ज्यांच्या पोरांना गाडी लागते त्यांना पुढचं सांगायला नको. बरं घाटात बाजूला घेऊन थांबायची सोय नाही. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे, लोणावळा आलं की मोबाईल बंद, खिडकीबाहेर बघा, आणि नाश्ता निघताना नाही तर खाली उतरल्यावर.

मिसिंग लिंकवर कॉमेंटमध्ये भांडणं होणारच म्हणून आत्ताच लिहून ठेवते, खोपोली ते कुसगाव हा १३ किलोमीटरचा रस्ता घाट टाळतो आणि अंतर ६ किलोमीटरने कमी करतो, छान आहे, पण आमचं दुखणं त्याच्या पुढचं आहे. वाशीच्या पुढचं. तुम्ही घरापासून वाशी खाडीपुलापर्यंत दोन-सव्वादोन तासात येता आणि मनात म्हणता, बघा, पोचलोच. मग मानखुर्द. मग फ्रीवे मिळेपर्यंतचा पॅच. फ्रीवे स्वतः चांगला, चेंबूरहून पी. डिमेलो रोडला उतरवतो, पोरांना वरून गोदी आणि टाक्या दिसतात, पण तिथे पोचेपर्यंत मागच्या सीटवर "अजून किती" सुरू झालेलं असतं आणि कुणालातरी शू लागलेली असते. अटल सेतूनेही गेलोय, एकूण २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळाच्या आसपास समुद्रावरून, पोरं पहिली पाच मिनिटं खुश, नंतर त्यांच्या दृष्टीने तो पण एक रस्ताच. त्याचा एकेरी टोल २५० रुपये वेगळा. हलक्या गाड्यांना मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, तेवढं एक बरं झालं.

आणि मग पार्किंग. शनिवारी दुपारी बारा वाजता काळाघोडा भागात पार्किंग शोधताना नवरा-बायकोचा जो संवाद होतो तो पोरांच्या कानावर न पडलेला बरा. एका पे-अँड-पार्कमध्ये (नाव घेत नाही) आम्हाला तासाचा जो रेट सांगितला तो बोर्डावर कुठेच नव्हता आणि पावती मागितल्यावर माणूस चहाला निघून गेला.

पण माझा खरा मुद्दा पैसे, पार्किंग हा नाहीच. कारने गेलं की आई-बाबांपैकी एक जण आख्खा प्रवास कामातून गेलेला असतो, तो समोर बघणार. दुसरा, म्हणजे मी, सीटबेल्टमध्ये अडकून अर्धी मागे वळलेली, बिस्किटं दे, पाणी दे, हिने माझी खिडकी घेतली, याने पाय लावला. मग दिवसभर मुंबईच्या दमट उन्हात पोरांमागे फिरून झाल्यावर तोच माणूस संध्याकाळी परत स्टिअरिंगवर बसतो, पोरं खालापूरच्या आत झोपतात, मी पण पेंगते, आणि जागं राहायची ड्यूटी एकट्याची. पुढे घाट. हे मला अजिबात आवडत नाही. ट्रेनमध्ये चार हात मोकळे असतात, एवढा एकच फरक आहे पण पोरं बरोबर असताना तोच सगळ्यात मोठा.

आता ट्रेन. सकाळच्या तीन गाड्या कामाच्या. सिंहगड सहाच्या सुमारास सुटते, ठाण्याला किंवा कल्याणला उतरायचं असेल तर हीच, पण सहाच्या गाडीसाठी पोरांना किती वाजता उठवायचं याचा हिशोब तुम्हीच करा. डेक्कन क्वीन सव्वासातची, साडेदहाच्या आत सीएसएमटी. त्यानंतर आठच्या आत-बाहेर प्रगती, ती पनवेलवरून जाते. आम्ही जमेल तेव्हा क्वीनच. १ जून १९३० पासून धावतेय, दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस होतो, केक वगैरे कापून, हे ऐकल्यावर धाकट्याचा पहिला प्रश्न, ट्रेनला केक कोण भरवतं. आणि डायनिंग कार! टेबल-खुर्चीवर बसून चीज टोस्ट आणि ऑम्लेट खायचं आणि बाहेर डोंगर पळतायत. कटलेट पण चांगलं, टोस्ट गरम असतानाच खा. पोरांना राणीच्या बागेपेक्षा हे जास्त आठवतं, मी खोटं सांगत नाही. फक्त बसायला जागा चाळीसच, त्यामुळे गाडी सुटल्या सुटल्या जा, लोणावळ्याची वाट बघू नका.

घाट ट्रेनमधून बघायचा हे पोरांसाठी वेगळंच प्रकरण आहे. १ ला ३७ चा उतार (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली), एकामागून एक बोगदे, प्रत्येक बोगद्यात डब्यातली सगळी पोरं ओरडणार, रोज अपडाऊन करणारे काका डोळे न उघडता कपाळाला आठ्या घालणार. मोजायला लावा, एक बोगदा संपला म्हणेपर्यंत दुसरा येतो आणि दोन पोरांचे आकडे कधीच जुळत नाहीत, अर्धा तास निघून जातो. आमच्याकडे ट्रेनमध्ये आजवर कुणाला उलटी झालेली नाही. पावसाळ्यात धबधबे खिडकीजवळून दिसतात, मात्र त्याच दिवसांत दरडीमुळे गाड्या रद्दही होतात, तेव्हा जुलैमध्ये आदल्या रात्री स्टेटस बघून झोपा. विस्टाडोमचा डबा डेक्कन क्वीनलाही आहे, प्रगतीलाही, काचेचं छप्पर वगैरे, पण तिकीट हजाराच्या घरात, आणि चार वर्षांचं पोर छपराकडे किती वेळ बघेल? मोठ्या पोरांबरोबर एकदा करा, दरवेळी गरज नाही.

तिकिटाचं नीट वाचा कारण इथे बरेच जण गोंधळतात. पाच वर्षांखाली तिकीट नाही पण सीटही नाही. पाच ते बारा या वयाला हाफ तिकीट असतं असं आपल्या डोक्यात बसलंय, पण सीट हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं लागतं, आणि चेअरकार आणि सेकंड सीटिंगला सीट नको म्हणायचा पर्यायच नसतो. म्हणून चार वर्षांच्याचंही पूर्ण तिकीट काढा असंच मी सांगेन. सव्वातीन तास तो मांडीवर बसेल असं वाटत असेल तर तुमचं पोर फार गुणी आहे.

पैशाचं गणित अंदाजे असं, आमच्या घरापासून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, वीस लिटर पेट्रोल धरलं की दोन हजार गेलेच, एक्स्प्रेसवेचा टोल ३२० एका बाजूचा म्हणजे ६४०, वर पार्किंग आणि फूडमॉलमधला डोसा. म्हणजे तीन हजार. चेअरकार माणशी चारशेच्या आसपास, चौघांचं जाऊन-येऊन तीन हजाराच्या थोडं वर, म्हणजे जवळपास बरोबरीच. सेकंड सीटिंगने शंभर-सव्वाशेत माणूस जातो, चौघं हजाराच्या आत-बाहेर. हिवाळ्यात आम्ही बिनधास्त सेकंड सीटिंग घेतो, उलट खिडकी उघडते म्हणून पोरांना तेच आवडतं. एप्रिल-मेमध्ये एसी, वाद नको.

उतरायचं सीएसएमटीलाच. दादर जवळ पडतंय असं वाटलं तरी पोरं, पिशव्या, दप्तर घेऊन दोन मिनिटांत उतरणं आणि त्यात चढणाऱ्यांची गर्दी हे नको. सीएसएमटीला गाडी संपते, सगळे उतरल्यावर सावकाश उतरा. बाहेर येऊन पोरांना स्टेशनची इमारत समोरच्या फुटपाथवरून दाखवा, वरचे दगडी प्राणी शोधायला लावा, फुकटचा अर्धा तास जातो. पुढे सोय आता खूप सुधारलीय. भायखळ्याला राणीच्या बागेत जायचं तर स्लो लोकलने तिसरं स्टेशन, सकाळी साडेदहाला उलट्या दिशेने गर्दी कमी असते (बुधवारी बाग बंद, हे विसरून गेटवरून परतलेली कुटुंबं मी बघितलीत). मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिचं सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच आहे, सीएसएमटीला खाली उतरा आणि नेहरू सायन्स सेंटरजवळ वर या, लिफ्ट आहे, एसी आहे, टॅक्सीवाल्याशी हुज्जत नाही. मेट्रो ३ मुळे माझा कारचा उरलासुरला मुद्दाही संपला.

एकच ठिकाण करा मात्र. साडेदहा ते चार, त्यात जेवण. कारने गेलं की आपण म्हणतो हे पण करू, ते पण करू, येताना जुहूला जाऊ, आणि पोरं तिसऱ्या ठिकाणी रडत असतात. ट्रेनची वेळ ठरलेली असते त्यामुळे हाव आपोआप आटोक्यात राहते.

परतीचं रिझर्व्हेशन हा ट्रेनचा खरा वीक पॉइंट, इथे मी एक स्टार कापते. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला प्रगती, पाचनंतर क्वीन, सहाच्या आधी सिंहगड. आम्ही प्रगती घेतो, आठपर्यंत पुण्यात, पोरं जेवून वेळेवर झोपतात. पण सुट्ट्यांमध्ये ही तिकिटं लगेच संपतात, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच काढा, आणि जायचं तिकीट मिळालं पण यायचं वेटिंगवर राहिलं तर सरळ प्लॅन पुढे ढकला. वेटिंगवर पोरं घेऊन चढणं हा वेडेपणा आहे. परतीच्या एका गाडीत टॉयलेटची अवस्था अशी होती की मोठीने पुण्यापर्यंत कळ काढली, तेव्हा सीएसएमटीलाच उरकून चढा, आणि वेट वाइप्स, साबणाचे कागद बरोबर ठेवा. येताना कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, घाट चढवायला. तो धक्का बसला की धाकटा "ढकलतायत, ढकलतायत" करून डबा डोक्यावर घेतो. कर्जतचा वडा तिथेच घ्यायचा, एसी डब्यात असाल तर दाराशी जाऊन, पण पोरांना सीटवर ठेवून एकानेच जा आणि सुटे पैसे हातात धरूनच जा.

स्टार्स: ट्रेन चार, कार अडीच. पोर दीड-दोन वर्षांचं असेल, दूध-डायपर-झोप यांचा पसारा असेल, किंवा बरोबर गुडघे दुखणारी आजी असेल आणि तिला स्टेशनचे जिने नको असतील, तर कारला साडेतीन द्या, पण मग शनिवारीच जा, सहाच्या आत निघा, आणि रात्री पुण्यात परत यायचा हट्ट सोडून एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा.