नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या वकील मॅडम, घटस्फोटाचा पहिला सल्ला: ५ पैकी ४

मावसबहिणीसोबत गेले होते म्हणून लिहितेय. मॅडमचं नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की नाव नको.

बहिणीचं असं झालेलं की ती क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि त्याची बायको धनश्री यांच्या घटस्फोटाचं एकूण एक रील बघत बसायची. सासरचे टोमणे मारायचे, तुला पण धनश्रीसारखे पावणेपाच कोटी पाहिजेत का, आणि ही त्या पोरीला शिव्या घालणाऱ्या कमेंट वाचून रात्री रडायची, जशा काय हिलाच घातल्यात. मॅडमसमोर बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच, त्यांचं दीड महिन्यात उरकलं मग आम्हाला अर्जानंतर सहा महिने थांबायला कशाला सांगतात?

मॅडम हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी अख्खी केस सांगितली, की ते दोघं जून २०२२ पासूनच वेगळे राहत होते, अर्ज केला फेब्रुवारी २०२५ ला, फॅमिली कोर्टाने तर सहा महिने माफ करायला आधी नाहीच म्हटलेलं कारण पोटगीच्या ठरलेल्या ४.७५ कोटींतले २.३७ कोटीच दिले होते, मग हायकोर्टाने १९ मार्चला सूट दिली आणि आयपीएल तोंडावर म्हणून दुसऱ्याच दिवशी निकाल लावायला सांगितलं. आयपीएलचं सोडा, पण सहा महिन्यांची सूट कुणालाही मागता येते. सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे, अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे असाल, समेटाची आशा नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं असेल तर जज सूट देऊ शकतात. देतीलच असं नाही. आमच्या बाईसाहेबांना तर वेगळं राहून वर्षही झालेलं नाही, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्जच आत्ता करता येत नाही! हे आम्हाला कुठल्याच रीलने सांगितलं नव्हतं.

पोटगीचंही तसंच. बातमीतला आकडा विसरा म्हणाल्या, २०२० पासून दोघांनाही कमाई, मालमत्ता, खर्च सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं, म्हणजे भाऊजींना पंचवटीतल्या दुकानाचा हिशोब दाखवावाच लागेल.

मग बहिणीने नवऱ्याबद्दल स्टेटसला टाकायला लिहून ठेवलेलं दाखवलं. मॅडमनी ते तिथेच डिलीट करायला लावलं, बदनामीची केस झाली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तुमच्याकडे काही पीआरवाले नाहीत ताई, असं स्पष्ट बोलल्या. आणि एक सांगितलं त्याने तिचा चेहराच बदलला, फॅमिली कोर्टात दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. तिला खरी धास्ती सगळ्या कॉलनीत चर्चा होईल याचीच होती.

एक स्टार कापला कारण ती मध्येच रडायला लागली तेव्हा टिश्यूचा डबा पुढे सरकवून मॅडम फाईल चाळत बसल्या. दोन शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं. निघताना समुपदेशकाचा नंबर दिला, ठीक आहे, पण तो आधी द्यायचा ना. फोनही पटकन उचलत नाहीत, ज्युनिअरला मेसेज टाकलेला बरा.

फीची पावती मिळते. गाडी नेऊ नका, कोर्टाच्या वेळेत पार्किंग मिळणं अवघड, रिक्षाने जा. आणि लग्नाचा दाखला, आधार यांच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला दुपारी जेवायला जातो तो लवकर येत नाही.