शीर्षकात पार्कर ५१, पाकिटात हीरो ६१६

जुन्या फाउंटन पेनांचा नाद असेल तर हे जरूर वाचा. एका ऑनलाइन लिलावात मी फसले. ज्या युक्तीने फसले, ती तिथे अजून राजरोस चालू आहे.

मला पार्कर ५१ हवं होतं. १९४१ साली बाजारात आलेलं आणि १९७२ पर्यंत बनत राहिलेलं हे पेन. निबचं फक्त टोक बाहेर दिसतं, बाकी सगळी निब आवरणाखाली झाकलेली. या घडणीची नक्कल पुढे अनेकांनी केली, आणि घोळ तिथेच होतो.

मोबाइलवर शोधलं तेव्हा यादीत एवढंच दिसलं: ‘व्हिंटेज फाउंटन पेन पार्कर ५१ हुडेड निब रेअर’ आणि पुढे तीन टिंबं. फोटो सुंदर होते. लिलाव संपायला थोडाच वेळ उरला होता, समोर आणखी एक जण बोली वाढवत होता. मीही वाढवत गेले. जिंकल्यावर इतकी हरखले, की तीन टिंबांच्या पुढे काय लिहिलंय ते उघडून वाचायचं सुचलंच नाही.

पुढे लिहिलं होतं: ‘शेफर वॉटरमन स्टाइल’. शेफर आणि वॉटरमन याही पेनांच्याच कंपन्या.

पेन हातात आलं. भिंग लावलं तर टोपणाच्या कडेवर बारीक अक्षरांत ‘हीरो’, म्हणजे एका चिनी पेन कंपनीचं नाव. फोटोत नेमकी तीच बाजू पलीकडे वळवलेली होती. निब साधी पोलादी. मागचा भाग फिरवून काढला. एरोमेट्रिक पद्धतीच्या (पिशवी दाबून शाई भरायच्या), म्हणजे १९४८ नंतरच्या पार्कर ५१ मध्ये शाईच्या पिशवीवरच्या धातूच्या नळीवर पार्करचं नाव आणि शाई भरायच्या सूचना कोरलेल्या असतात. इथे पार्करचा मागमूस नव्हता. हीरो ६१६ हे वाईट पेन नाही, रोजच्या लिखाणाला छान चालतं. पण ते हीरो ६१६ म्हणून विकावं ना!

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, ‘शीर्षकात स्टाइल असं स्पष्ट लिहिलंय, ब्रँडच्या रकान्यात अनब्रँडेड आहे. तुम्ही वाचायला हवं होतं.’ तक्रार केली, तीही याच मुद्द्यावर फेटाळली गेली. पैसे गेले ते गेलेच.

मग मी नियम वाचायला बसले. शोधयंत्र मुख्यतः शीर्षकातले शब्द जुळवतं, त्यांचा अर्थ नेहमी नीट लावतंच असं नाही. ‘पार्कर नाही’ असं लिहिलं तरी पार्कर शोधणाऱ्याला ती वस्तू दिसू शकते. म्हणूनच वस्तू ज्या कंपनीची नाही तिचं नाव शीर्षकात घालायला बंदी असते. ‘सारखं’, ‘नाही’ असे तुलनेचे शब्द जोडूनही चालत नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, आणि असे भलते शब्द कोंबायला तिथे मनाई आहे. एखाद्या पेनाला बसणारी पिशवी किंवा सुटी निब विकायची असेल, तर ‘अमक्या पेनासाठी’ असं लिहिता येतं, कारण ती वस्तू खरोखर त्याचसाठी असते. ‘व्हिंटेज’ या शब्दालाही काही ठिकाणी अट आहे. एट्सी या विक्रीच्या साइटवर वस्तू निदान २० वर्षं जुनी लागते.

थोडक्यात, माझ्या विक्रेत्याचं शीर्षक मुळातच नियमात बसत नव्हतं. ज्या ‘स्टाइल’ शब्दाची ढाल त्याने पुढे केली, तोच शब्द त्याचा गुन्हा होता. पण हे तक्रारीत मांडायला मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ एवढंच लिहून मी थांबले. तुमच्यावर वेळ आली तर शीर्षकाचा स्क्रीनशॉट जोडा, नियमाचं नाव घ्या. आणि शक्यतो बोली लावायच्या आधीच लिस्टिंग रिपोर्ट करा.

मला सर्वांत जास्त राग येतो तो खऱ्या विक्रेत्यांसाठी. घरातलं अस्सल ५१ स्वच्छ करून, प्रत्येक खुणेचा फोटो टाकणाऱ्या माणसाची लिस्टिंग या ‘स्टाइल’वाल्यांच्या गर्दीत तळाला जाते.

आता मी शोधताना नको त्या शब्दांच्या आधी वजाचं चिन्ह लावते: ‘-स्टाइल -टाइप -लाइक’. ब्रँडचा रकाना आधी उघडते. टोपणावरच्या अक्षरांचा फोटो मागते, तो दिला नाही तर पुढे जाते. परवा त्याच विक्रेत्याचं तसंच पेन पुन्हा दिसलं. रिपोर्ट केलं, दोन दिवसांत ते उतरवलं गेलं. तोवर त्यावर चार बोल्या लागल्या होत्या.