८५० रुपयांचा वेबकॅम अन् गुरूचे पट्टे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर ११४ मिमीची दुर्बीण आहे. तिला हा वेबकॅम जोडला. वेबकॅमचं पुढचं भिंग काढून फिल्मच्या रोलची जुनी डबी चिकटवली. दुर्बिणीच्या सव्वा इंची नळीत ती चपखल बसते. शुद्ध दशमीचा चंद्र पहिल्याच रात्री साधला. ९३ किमी रुंद कोपर्निकस विवराच्या आतल्या कडेच्या पायऱ्यासुद्धा दिसल्या, हरखलोच! गुरूने मात्र रडवलं. सेन्सर एवढासा, ग्रह चौकटीत आणेस्तोवर मान आखडते. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावली की अर्ध्या मिनिटात निसटतो, कारण ग्रहामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नाही. रजिस्टॅक्स या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये ७०० फ्रेम एकावर एक रचल्या, तेव्हा कुठे दोन पट्टे उमटले. वहिनी म्हणाली, "हे तर भाकरीवरचे डाग!" तेजोमेघांसाठी हा वेबकॅम घेऊ नका, चित्रात नुसती खरखर येते. चंद्रासाठी खुशाल घ्या. फक्त उत्तरायणात, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगोत्सवात नको, गच्चीच रिकामी मिळत नाही.