वाळवंटी कॅन्यन आणि डिकीतला हवेचा पंप: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफ-रोडिंगचा विषय निघाला की गप्पा लगेच लिफ्ट किट, विंच आणि छतावरच्या लाइट बारवर जातात. त्यातलं बरंचसं माझ्याही गाडीवर आहे. पण मित्रांबरोबर वाळवंटी कॅन्यनमध्ये, म्हणजे कातळातल्या खोल घळींत, गाड्या घालायला लागल्यापासून ज्या एका वस्तूने सगळ्यात जास्त फरक पडला, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा एअर कॉम्प्रेसर आणि त्याच्या जोडीला हवा सोडायचं पितळी डिफ्लेटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एक सिलिंडर, पायाला रबरी गुट्ट्या आणि दोन जाड वायरींना लाल-काळे चिमटे अशा घडणीचे पंप बऱ्याच नावांनी मिळतात, आणि मी जे लिहितोय ते त्या सगळ्यांना कमीअधिक लागू पडेल.

पंप हवा भरतो हे उघडच आहे. त्याचा खरा फायदा मात्र हवा सोडताना होतो. परत भरायची सोय जवळ नसेल तर माणूस चाकातली हवा सोडतच नाही. सोडली तरी जीव मुठीत धरून चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), आणि तेवढ्याने काही होत नाही. आमच्यातले दोघेतिघे आधी ३२-३५ पीएसआयवरच घळीत उतरायचे, दणके खायचे आणि सस्पेन्शनच्या नावाने बोटं मोडायचे. पंप आला आणि सगळेच निर्धास्तपणे १८ पर्यंत खाली यायला लागले. गाड्या त्याच, चालवणारेही तेच, पण घळ निम्मी सोपी झाली.

कॅन्यनचा तळ एकसारखा नसतो, मोठी अडचण तीच आहे. शंभर पावलं मऊ वाळू, पुढे गोल गोटे, मध्येच पाण्याने तासलेली कातळाची पायरी आणि वळण घेतलं की पुन्हा वाळू. नुसती वाळू असती तर १५ पीएसआयवर मजेत गेलो असतो. नुसते धारदार दगड असते तर हवा थोडी जास्त ठेवली असती, कारण हवा कमी झाली की टायरचा कडेचा भाग फुगून बाहेर येतो आणि दगड नेमका तिथेच चिरतो. रस्त्यावर टेकणाऱ्या भागाचं पंक्चर किटने निभावतं, साइडवॉल फाटली तर स्टेपनीच काढावी लागते. म्हणून मिश्र तळासाठी आम्ही १८ ते २० वर स्थिरावलो आहोत. गाडीचं वजन, टायरचा आकार आणि आतले थर यांप्रमाणे हा आकडा बदलेल, त्यामुळे माझा आकडा डोळे झाकून घेऊ नका.

बऱ्याच जणांना वाटतं की हवा कमी केली की टायर रुंद होतो. होतो, पण थोडासाच. जास्त वाढते ती जमिनीला टेकणाऱ्या भागाची लांबी, आणि पकड तिथून येते. वाळूत वजन लांब पट्ट्यावर पसरतं, आणि कातळावर मुठीने दगड धरावा तसा टायर पायरीची कड धरतो. हे मी एका उभ्या पायरीजवळ अगदी वाकून पाहिलं आहे. मागच्या मित्राची गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) होती, तरी पुढचं डावं चाक कडेवर घसरून गरगर फिरत होतं आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. मी ओरडतोय, "अरे थांब, पाय काढ!" आणि तो काच खाली करून म्हणतोय, "अजून थोडी रेस दिली की चढेल." शेवटी उतरला. गेज लावलं तर २८. चारही चाकं १८ वर आणली, तीच लाइन, तोच पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाय. यावेळी टायरचा तळ कडेपाशी खळगा पडल्यासारखा दबला, क्षणभर तिथेच थांबल्यासारखं वाटलं आणि गाडी सावकाश वर आली. लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) नाही की ओढायचा पट्टा नाही.

डिफ्लेटरबद्दल दोन शब्द. माझा आहे तो व्हॉल्व्हची पिन आतल्या आत सोडवून बाहेर ओढून धरणारा, त्यामुळे हवा भसाभस जाते आणि शेजारच्या गेजवर आकडा दिसत राहतो. काडीने किंवा किल्लीने पिन दाबत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गाड्यांच्या चाकांना सर्रास दिसतो तो श्रेडर व्हॉल्व्ह; त्याचं पेटंट १८९३ सालचं, आणि त्याची मापं ठरलेली असल्यामुळे एकच डिफ्लेटर आमच्या सगळ्या गाड्यांना चालतो. पिन वाळूत पडली की संपलं, म्हणून दोन-चार जास्तीच्या पिना आणि टोप्या पाकिटात ठेवा.

आता पंपाकडे. खोक्यावर मिनिटाला ७२ लिटर लिहिलंय. असे आकडे बहुतेक वेळा समोर काहीच दाब नसतानाचे असतात. टायरमध्ये दाब वाढत जातो तसा पंपाचा वेग पडतो. माझ्या टायरना १८ वरून ३५ ला यायला एका चाकामागे तीन-चार मिनिटं लागतात, उन्हाच्या कडाक्यात थोडी जास्त. खरेदी करताना लिटरपेक्षा एक दुसरा आकडा बघा, तो बारीक अक्षरात असतो: सलग किती वेळ चालवायचा आणि मग किती वेळ थंड होऊ द्यायचा. माझ्या पंपाला अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती असं लिहिलंय, तेही माफक तापमानाला. एकट्याच्या गाडीला हे भरपूर झालं. तीन गाड्या असल्या की तिसऱ्या गाडीच्या दुसऱ्या चाकाला पंप स्वतःहून बंद पडतो. बिघडत नाही, आतला उष्णतेचा कट-ऑफ उडतो. पण सगळे घामाघूम उभे, आणि पंपवाला म्हणून नजरा माझ्याकडे. आता ठरलंय की दोनपेक्षा जास्त गाड्या असतील तर दुसऱ्या कोणीतरी आपला पंप आणायचा.

वीज हा दुसरा मुद्दा. या ताकदीचे पंप ३० अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. डॅशबोर्डच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते २० अँपिअरचा असतो, म्हणून यांना तिथे लावायची सोयच नसते. बॉनेट उघडायचं, चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. सॉकेटवर चालणारे लहान पंप शहरात एखाद्या चाकाला ठीक आहेत. मोठ्या टायरची चारही चाकं निम्म्या हवेवरून भरायला लावलं तर ते रडतात.

तक्रारी आहेत. पंपावरचं गेज चालू असताना खोटं बोलतं. पाइपात दाब साठतो म्हणून आकडा दोन-तीन पीएसआय जास्त दिसतो, पंप बंद केला की खाली येतो. मी आता त्याच्याकडे बघतच नाही, वेगळं गेज वापरतो. पाइपाच्या टोकाचं पितळी नोझल आट्यांचं आहे. घट्ट बसतं, पण दोन चाकं भरल्यावर इतकं तापतं की उघड्या बोटांनी सोडवता येत नाही, हातमोजा लागतोच. सोडवताना थोडी हवा फुस्सकन जाते, म्हणून एक-दीड पीएसआय जास्त भरून ठेवतो. आणि धूळ. कॅन्यनच्या तळाची धूळ पिठासारखी बारीक असते, ती पंपाच्या हवा खेचायच्या तोंडावरच्या फोममध्ये जाऊन बसते. मध्यंतरी पंप धापा टाकायला लागला, तेव्हा फोम काढून झटकला; वाळवंटाचा नमुनाच बाहेर पडला. तेव्हापासून पंप जमिनीवर न ठेवता त्याच्याच पिशवीवर ठेवतो, आणि फोम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवतो.

पंपाची मर्यादा एकदा चांगलीच कळली. वाळूत रुतायला नको म्हणून एका मित्राने बारापर्यंत हवा काढली होती, आणि गोट्यांवर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली. पुढच्या चाकाचा टायर रिमवरून सरकला आणि उरलेली हवा एका झटक्यात गेली. साध्या रिमवर इतकं खाली गेलं की हा धोका असतोच. म्हणून दगडांच्या खेळाला मुद्दाम टायर आवळून धरणारे बीडलॉक रिम लावतात. टायर परत बसवायला हवा एकदम, जोरात लागते, आणि छोट्या पंपाची हवा फटीतूनच निघून जाते. मग जॅक लावून चाक उचललं, रिमच्या कडेची वाळू पुसली, साबणाचं पाणी फिरवलं, टायरभोवती सामान बांधायचा रॅचेट पट्टा आवळला आणि हवेची वाट मोकळी व्हावी म्हणून व्हॉल्व्हची पिन काढून पंप लावला. बराच वेळ नुसतं फुसफुस. एकाने टायर बाहेरून दाबून धरला, दुसऱ्याने पट्टा अजून दोन दात आवळला, आणि मग धाड-धाड असे दोन आवाज होऊन दोन्ही कडा बसल्या. जमलं, पण ते पंपाइतकंच पट्ट्याचं आणि चार हातांचं काम होतं. एकट्याने जाणाऱ्याने बाराच्या फंदात पडू नये.

हवा कुठे भरायची, हेही सांगतो. घळीतून बाहेर यायच्या आधी शेवटच्या सावलीत, तळालाच, मस्त गार जागा असते आणि सगळ्यांना तिथेच पंप लावायचा मोह होतो. लावू नका. गाड्या आधी वर काढा, मग बॉनेट उघडा. तीन गाड्यांची हवा भरायची म्हणजे तासभर कुठे जातो कळत नाही, आणि तेवढा वेळ कोरड्या नदीच्या पात्रात बॉनेट उघडी टाकून थांबणं शहाणपणाचं नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, घळीत नव्हे. कातळ आणि कोरडी कडक जमीन पाणी पिऊन घेत नाही, सगळं पाणी अरुंद वाटेने खाली धावतं. डोक्यावर निळं आकाश आहे म्हणून वरच्या खोऱ्यातही कोरडं असेल असं धरून चालू नये. निघण्याआधी तिथला अंदाज बघायचा.

डांबरी रस्त्याला लागायच्या आधी मात्र हवा भरलीच पाहिजे. १८ वर वेगाने पळवलं तर साइडवॉल सतत वाकून तापते आणि टायर आतून खराब होतो. घळीतही आम्ही ताशी ३० च्या आसपासच राहतो. कमी दाबाचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर दिवसभर पेटलेला राहील, त्याला इलाज नाही. भरतानाचा आकडाही समजून घ्या. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. दुपारी तापलेल्या चाकात बरोबर ३५ भरलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे ३१-३२ दिसतं, आणि पंक्चर शोधण्यात अर्धा तास जातो. कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो.

एवढे महिने ओढायचे पट्टे, ते अडकवायच्या लोखंडी कड्या (शॅकल) आणि वाळूत चाकाखाली घालायच्या फळ्या डिकीत आहेतच, पण बाहेर काढायची वेळ फार कमी आली. मला पंपाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे, कारण गाडी ओढून काढणं हा या छंदातला सगळ्यात धोक्याचा भाग. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्याला) पट्टा अडकवून ओढणाऱ्यांपासून तर लांबच उभं राहावं. तो गोळा तुटला तर काच फोडून आत येतो.

सध्या आमच्यात वाद चाललाय तो चार फाट्यांच्या पाइपावरून. चारही चाकांना एकदम जोडायचा, म्हणजे सगळीकडे दाब आपोआप सारखा होतो. एका मित्राचं म्हणणं, पंप तोच आणि भरायची हवाही तेवढीच, मग वेळ कुठे वाचला? वेळ नाहीच वाचत, गाडीभोवती वाकून मारायच्या फेऱ्या वाचतात. मी मागवलाय. तो अजून हसतोय, पण पुढच्या वेळी आधी त्याच्या गाडीला लाव म्हणून सांगूनही ठेवलंय.