आठ टीबीचा डबा

बुडाल्याचा आकडा आधीच सांगून टाकतो : १ लाख २७ हजार ७०० रुपये. आणि अकरा लग्नांचे फोटो. पैशाचं कसंबसं गिळलं, लग्नांचं अजून घशात अडकलंय.

बेळगावात शहापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, मुंज, आणि आता नवं फॅड म्हणजे प्री-वेडिंग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस लागला होता तेव्हा पाणी दुकानात शिरलं आणि खालच्या फळीवरच्या तीन हार्ड डिस्क भिजल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मला आधी डिस्क आठवतात, मग घराचं छप्पर. दोन कॅमेरे आणि एक ड्रोन धरला तर एका लग्नाचे तीनशे-साडेतीनशे जीबी सहज होतात. ठेवायचे कुठं, आणि किती वर्षं? गिऱ्हाईक तर दहा वर्षांनी येऊन म्हणतं, "मामा, आमच्या हळदीचा तो फोटो हाय काय बघा की."

जुलै २०२४ मध्ये हे दुखणं घेऊन बसलो असताना तो दुकानात आला. निपाणीकडचा, एका जुन्या गिऱ्हाईकाचा पाहुणा. तिशीचा असेल, बोलणं गोड, पायात साधी चप्पल. ती चप्पल बघूनच मी निम्मा विरघळलो असणार, कारण फसवणारा माणूस बूट घालून येतो असा माझा आपला समज.

त्याच्याकडं दोन गोष्टी होत्या. एक, ३५ हजारांत आयुष्यभर साठवण. दोन, ४८ हजारांचा एक डबा. तो घरी ठेवायचा, वायफायला जोडायचा, आपल्याकडच्या रिकाम्या डिस्कही त्याला लावायच्या. ती जागा जगातले लोक भाड्यानं घेणार आणि आपल्याला कॉइन, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी नाणं, मिळणार. डब्यावर सोनेरी अक्षरांत आठ टीबी, म्हणजे आठ हजार जीबी, असं छापलं होतं.

"काका, तुमचा फोटो एका जागी नसतोच. त्याचे तुकडे होतात, हजारो डब्यांत जातात. पूर येऊ दे, आग लागू दे, कुणाचा छापा पडू दे. कुणाला काय कळणार नाही, कुणाला काय पुसता येणार नाही."

"मग फोटो आहे कुठं?"

"कुठंच नाही काका. म्हणजेच सगळीकडं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला ऐकवलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "देवाचं सांगायलाय की डिस्कचं?" त्या रात्री मी तिच्यावर हसलो.

आता एक कबुली, जी सीमाभागातल्या माणसालाच पटेल. माझ्याकडं वीजबिल येतं कानडीत, जमिनीचा उतारा कानडीत, बँकेचा फॉर्म इंग्रजीत. कानडी मी बाजारात फाडफाड बोलतो, पण कागद समोर आला की बोट ठेवून वाचावं लागतं. आणि या पोराचा करारनामा चार पानांचा, स्वच्छ मराठीत, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जागच्या जागी. "आपल्या माणसांसाठी आपल्या भाषेत" असं वर लिहिलेलं. ऑफिस कोल्हापूरला. मी तो करार वाचलाच नाही म्हणा ना. मराठीत आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून सही केली. भाषेची भूक असलेल्या माणसाला भाषेचंच आमिष लावायचं हे त्याला नेमकं कळलं होतं.

फॉर्मवर आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि हातात आधार धरून काढलेला सेल्फी लागला. सेवा निनावी, आणि माझ्याकडून घेतलं सगळं नावासकट! त्यावेळी खटकलं नाही. उलट वाटलं, केवायसी करतात म्हणजे रीतसर आहेत.

दोन डबे घेतले, ९६ हजार. साठवणीचे ३५ हजार वेगळे. मग लग्नं वर चढवायला बसलो. पहिलंच लग्न ३४० जीबीचं, पाऊण तासात चढलं. हिरवी खूण आली, मी खूश. माझं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं. पूर्ण वेगानं, न थांबता चाललं तरी ३४० जीबीला साडेसात तास लागतात; साधा गुणाकार-भागाकार आहे. रोज अल्बमच्या पानांचा हिशेब करणाऱ्या मला तो करावासा वाटला नाही. खरं म्हणजे वर जात होते फक्त बारके बारके नमुना फोटो. ॲपमध्ये ते दिसायचे, म्हणून सगळं गेलं असं वाटायचं. मोठा करायला दाबलं की गोल फिरत राहायचं आणि खाली अक्षरं यायची, "नेटवर्कवरून तुकडे गोळा होत आहेत". मी म्हणायचो, जगभरातून यायचे आहेत, वेळ लागणारच की.

अकरा लग्नं चढल्यावर मूळ फोटो असलेल्या चार टीबीच्या डिस्कचं मी काय केलं? फॉरमॅट मारली आणि डब्याला जोडली. जागा जास्त, तर कॉइन जास्त. हे मला कुणी जबरदस्तीनं करायला लावलं नव्हतं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर, दर महिन्याला ३ हजार २०० रुपये खात्यात आले. चार महिन्यांचे १२ हजार ८००. माझ्या शब्दावर हिंडलग्याच्या एका मित्रानं पण डबा घेतला. त्याचे पैसे मी हप्त्यानं फेडायलोय, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. मधे एक दिवस आमच्याकडं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. डबा बंद, राउटर बंद. रात्री मोबाइलवर ॲप उघडलं तर त्या दिवसाची कमाई रोजच्याइतकीच जमा. मला काय वाटलं असेल? यंत्रणा किती भक्कम आहे बघा, असं!

डिसेंबरात निरोप आला : तुमचं कॉइनचं वॉलेट नव्या नेटवर्कवर न्यायचंय, गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, भरा, नाहीतर कॉइन गोठतील. साडेनऊ हजार. यूपीआयवर, कुणाच्या तरी बचत खात्यात. जानेवारीत ॲप उघडेना. फोन बंद. कोल्हापूरच्या पत्त्यावर गेलो तर तिथं झेरॉक्सचं दुकान, आणि दुकानदार माझ्यासारख्यांना आधीच कंटाळलेला.

माझा भाचा इथंच इंजिनिअरिंगला आहे. रविवारी त्याला जेवायला बोलावलं आणि डबा पुढ्यात ठेवला. बारक्या पेचकसानं त्यानं खालचे चार स्क्रू काढले. आत टीव्हीला लावायच्या स्वस्तातल्या बॉक्सची एक पट्टी. तिला लॅपटॉपमधनं काढलेली जुनी डिस्क. वरचं आठ टीबीचं स्टिकर नखानं सोललं तर खाली कंपनीचं खरं लेबल, ३२० जीबी. आणि दोन्ही कडांना गरम गोंदानं चिकटवलेले लोखंडाचे दोन तुकडे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या दारात पडलेले असतात तसले. हातात घेतल्यावर डबा वजनदार लागावा म्हणून. मी तो पहिल्यांदा उचलला तेव्हा "माल चांगला आहे" म्हणालो होतो, ते मला आठवलं. बायको आतनं बघत होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग भाच्यानं पावत्या मागितल्या. प्रत्येक लग्नाची एक पावती, तिच्यावर लांबलचक इंग्रजी अक्षरांचा कोड. तो म्हणाला, "मामा, हे आयपीएफएसचे, म्हणजे फायली अनेक कॉम्प्युटरांवर ठेवायच्या एका नेटवर्कचे, कोड म्हणून दाखवलेत. क्यू आणि एम नं सुरू होणारा जुन्या पद्धतीचा कोड ४६ अक्षरांचा असतो. लांबी बरोबर आहे. पण यात शून्य कसं आलं?" त्या लिपीत म्हणे चार चिन्हं मुद्दाम वगळलेली असतात : शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल. एकमेकांसारखी दिसतात, लिहिताना घोळ होतो म्हणून. माझ्या अकरा पावत्यांपैकी नऊंवर शून्य होतं. म्हणजे कुणीतरी बसून नुसती बोटं आपटली होती.

गंमत अशी की, निपाणीकडचा तो पोरगा सांगत होता त्यातलं बरंचसं जगात खरंच आहे. म्हणूनच गिळायला सोपं गेलं. इयन क्लार्क यांनी २००० साली फ्रीनेट नावाचं नेटवर्क आणलं (आता त्याचं नाव हायफानेट). त्यात फायलींचे तुकडे कुलूपबंद होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे होऊन, लोकांच्या डिस्कवर पडतात आणि आपल्या डिस्कवर काय आहे ते मालकालाही वाचता येत नाही. पण जे कुणी मागत नाही ते तिथं हळूहळू गळून जातं. हळदीचा फोटो दहा वर्षं जपायची ती जागाच नव्हे. आयपीएफएस २०१५ चं, हुआन बेनेट यांचं. तिथं फायलीचा पत्ता तिच्या मजकुरावरनंच बनतो, एक ठिपका बदलला तरी पत्ता बदलतो. पण ते निनावी नाही. कोणती फाइल कुठल्या आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या कॉम्प्युटरवर, आहे ते शोधता येतं, आणि आपण आधी कुलूप लावलं नसेल तर ज्याच्या हाती कोड पडेल तो फाइल उघडू शकतो. शिवाय ती कुणीतरी मुद्दाम धरून ठेवली, त्याला पिन करणं म्हणतात, तरच टिकते. "कायमचं" असं आपोआप काही होत नाही.

आणि डब्याची कमाई? फाइलकॉइन नावाचं नेटवर्क ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे, जागा देऊन कॉइन मिळवायचं हे खरं. पण तिथं आधी तारण ठेवावं लागतं, ठेवलेला डेटा जागेवर आहे याचा पुरावा दर चोवीस तासांनी द्यावा लागतो, चुकलात तर तारणातून कापतात. ब्लॉकचं बक्षीस, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा नोंदवल्याबद्दलचे कॉइन, मिळायच्या रांगेत उभं राहायलाच किमान १० टीबीच्या वर जागा लागते, आणि मशीन १२८ जीबी रॅमचं. दिवसभर वीज नसलेला टीव्हीचा डबा तिथं दंड भरत बसला असता. गॅस फीसुद्धा खरी असते, पण ती त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात जाते. कुणाच्या बचत खात्यात यूपीआयनं भरायची गॅस फी जगात कुठंच नसते.

हे सगळं ऐकून मी भाच्याला एकच विचारलं, "म्हणजे त्यांनी खरोखर तिथं टाकले असते तर?" तो म्हणाला, "कुलूप न लावता टाकले असते तर तुमच्या गिऱ्हाइकांचे प्री-वेडिंगचे फोटो कोड असणाऱ्या कुणालाही दिसले असते." माझ्या अंगावर काटा आला. फोटो गेले ते एक परी बरं, असं क्षणभर वाटून गेलं. पण ते बारके नमुना फोटो त्यांच्या सर्व्हरवर गेलेच होते. किल्ली त्यांच्याकडं होती, माझ्याकडं फक्त पासवर्ड होता. मी सगळा वेळ "फोटो कुठं आहे" हेच विचारत बसलो. "किल्ली कुणाकडं आहे" हे विचारलं असतं तर त्या निपाणीकडच्या पोराला उत्तर देणं जड गेलं असतं.

तक्रार केली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंद. पैसे पाठवल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर ते पुढं सरकायच्या आत खात्यात अडवता येतात. माझे पहिले पैसे जाऊन सहा महिने झाले होते, गॅस फीलाच महिना. खातं निघालं तिसऱ्याच माणसाचं, भाड्यानं दिलेलं. जबाब कानडीत झाला, शेजारचे अण्णा सोबत आले, ओळ न ओळ मला समजावून सांगितली, मगच सही केली. करारावर मराठीत डोळे मिटून सही आणि जबाबावर कानडीत डोळे उघडून, असं झालं ते. आणि कुणी म्हणालं की ऑफिस महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात, तिकडं जा, तर ऐकू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. आधारचं बायोमेट्रिक त्याच दिवशी लॉक केलं. त्या सेल्फीचं आता काय करणार, तो गेलाच.

सध्या प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती दोन डिस्कवर, त्यातली एक सासुरवाडीला माळ्यावर, जिथं पाणी चढत नाही. तिसरी साध्या पगारी क्लाउडवर, पण आधी क्रिप्टोमेटर नावाच्या सॉफ्टवेअरनं कुलूप लावून. कॉम्प्युटरवर ते फुकट मिळतं आणि किल्ली आपल्यापाशी राहते. चढवल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक पूर्ण मोठी फाइल उतरवून बघतो, मूळ फाइलशी हॅश, म्हणजे मजकुरावरनं बनणारा फायलीचा ठसा, ताडतो, मगच कॅमेऱ्याचं कार्ड पुसतो. भाच्यानं शिकवलंय, दहा मिनिटांचं काम आहे.

अकरापैकी नऊ घरांत जाऊन सांगून आलो. दोघांनी आगाऊ घेतलेले पैसे परत मागितले, दिले. एकानं दारातनंच परत लावलं. खानापूरच्या एका मुलीचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांत गेले होते. पाठवणीच्या वेळी ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, तो फोटो मी काढलेला मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. तिच्या पाहुण्यारावळ्यांच्या मोबाइलमधनं व्हॉट्सॲपवर आलेले-गेलेले फोटो गोळा केले, तीनशेच्या वर निघाले. खांबाजवळचाही एक सापडला, कुणीतरी मागनं काढलेला, अर्धा चेहरा. छापून फ्रेम करून घेऊन गेलो. तिनं बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "मामा, ह्यो जरा मोठा नाही काय होत?"

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो. नाही होत.