न उतरवलेल्या गिअरबॉक्सचे १४,५०० रुपये

गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि खिडकीतूनच मी म्हणालो, "झटके मारतेय हो, क्लच गेलाय का बघा जरा." फसवणूक तिथेच झाली, पैसे नंतर गेले. आजार काय ते मीच सांगितलं होतं. त्याने फक्त औषधाची किंमत सांगितली.

गाडी २०१४ ची. छोटी, पेट्रोलची, चार सिलिंडरची, हाताने गिअर टाकायची. मी राजापूर तालुक्यात राहतो, हायस्कूलला विज्ञान शिकवतो. विज्ञान शिकवणारा माणूस असा फसला म्हणून बायको अजून हसते, हसू दे. रोजची शाळा आणि महिन्यातून दोनदा आईच्या डोळ्यांसाठी रत्नागिरी, एवढाच गाडीचा प्रवास. चौपदरीकरणाच्या काळातली सगळी डायव्हर्जनं तिने निमूट काढली होती. गेल्या जुलैत मात्र तिचं बिनसलं.

पहिल्या-दुसऱ्या गिअरला काही नाही. न्यूट्रलला उभी असताना शांत. चौथ्यात ४५-५० ला असताना चढ आला, मी ॲक्सिलरेटर दाबला, की कुणी मागून दोरी धरून हिसडे द्यावेत तशी करायची. पाय सैल सोडला की गप्प. पाऊस जोरात असला की जास्त, उघडीप असली की दिवसभर नाव नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण गॅरेजवाल्याला मी यातलं एक वाक्यही सांगितलं नाही. सांगायला हवं ते हेच होतं.

गॅरेज महामार्गालगतचं. नाव आणि गाव लिहीत नाही. बोर्ड मोठा, आत दोन गाड्या वर उचललेल्या, माणसं घाईत, त्यामुळे विश्वास बसतो. मालकाने एक चक्कर मारली, शंभर मीटर जाऊन परत आला आणि म्हणाला, "सर, क्लचप्लेट संपली. प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलावा लागेल. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन दिवस धरा." वर एक ठेवणीतलं वाक्य: "असंच चालवलंत तर आंजणारी घाटात उभी राहील." घाटाचं नाव घेतलं की आमच्याकडचा माणूस निम्मा हरतो. त्यात आई गाडीत असते.

गुरुवारी गाडी दिली, शनिवारी संध्याकाळी आणायला गेलो. त्याने एक जुनी क्लचप्लेट माझ्यापुढे धरली. काळी, तेलात भिजलेली, कडेचं अस्तर झिजून आतले रिव्हेट दिसत होते. "बघा, काही उरलं नव्हतं." मी फोटो काढला. शहाणपणा म्हणून नव्हे, बायकोला दाखवायला, की बघ किती झिजली होती. हाच फोटो पुढे कामाला आला.

हिशेब वहीच्या फाडलेल्या पानावर: क्लच सेट ८,२००, मजुरी ३,५००, इंजेक्टर साफ केले १,८००, 'सेन्सर' १,०००. कुठला सेन्सर ते लिहिलेलं नाही. एकूण १४,५००. शिक्का नाही, गॅरेजचं नाव नाही, तारीखही नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावू? उगाच तुम्हालाच भुर्दंड." मलाही ते पटलं! पैसे रोख दिले.

गाडीत बसलो तर क्लचचं पेडल बदललेलं होतं. आधी पेडल थोडं खाली असतानाच पकड यायची, आता पाय जवळजवळ पूर्ण सोडला की अगदी वर येऊन गाडी निघायची. वाटलं, नवा क्लच म्हणजे असाच असणार. घरापर्यंत एकही झटका नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. ते तीनही दिवस कोरडे होते आणि त्याआधी दोन दिवस गाडी शेडमध्ये उभी होती, ही सांगड मात्र मी घातली नाही.

मंगळवारी पावसाने झोडपलं. रत्नागिरीहून परतताना पाली गेली, काजळीवरचा पूल ओलांडला आणि चढाला लागताच तोच प्रकार, आधीपेक्षा वाईट. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि उघडझाप करायला लागला. मागे ट्रकची रांग, शेजारी आई "रामा, रामा" करतेय, वायपर पळताहेत. मी तिसरा टाकला, पाय हलका ठेवला आणि रांगत रांगत लांज्याला आलो. तो दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. उघडझाप करत असेल तर इंजिन जोरात मिस मारतंय, म्हणजे अधूनमधून त्यातलं पेट्रोल पेटतच नाही, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो महागाचा भाग भाजून निघतोय असं समजायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लांज्यात एका ओळखीच्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला खड्डा, बाहेर फणसाचं झाड. मी म्हणालो, "तीन दिवसांपूर्वीच क्लच बदललाय, तरी झटके." त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही, आधी प्रश्न विचारले. झटके थंड असताना की तापल्यावर? कितव्या गिअरला? तुम्ही चौथा कितीला टाकता? तिसाला टाकून चढ काढत असाल तर ती गाडीची चूक नव्हे. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळतो का नि गाडी मागे राहते? पाऊस असला की जास्त का? शेवटच्या प्रश्नाला मी हो म्हटल्यावर ते नुसते "हं" म्हणाले.

मग मला म्हणाले, "हँडब्रेक ओढा घट्ट. पाय ब्रेकवर. इंजिन चालू, चौथा गिअर, आता क्लच हळूहळू सोडा." सोडला. गाडी एकदा हुंदका दिल्यासारखी थरथरली आणि जागच्या जागी बंद पडली. "क्लच पकडतोय. घसरता असता तर इंजिन चालू राहिलं असतं." जेमतेम मिनिटभराचं काम. ही चाचणी मोकळ्या सपाट जागी, पुढेमागे कुणी नसताना आणि एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही जळतो. ती मी गुरुवारी केली असती तर गाडी आत लागलीच नसती.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. क्लच घसरतो तेव्हा हिसडे नसतात. इंजिन ओरडतं, काटा चढतो आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगात राहते. क्लचची थरथर असते ती जागेवरून निघताना, पाय अर्धा सोडलेला असताना. पेडलवरून पाय पूर्ण उचललाय, गाडी चौथ्यात पळतेय आणि मग हिसडे येताहेत, तर बहुधा इंजिनालाच ठिणगी, पेट्रोल किंवा हवा यांपैकी काहीतरी कमी पडतंय. फिल्टर चोंदला किंवा पंप थकला की लांब चढावर दम सुटत जातो. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी कचऱ्याने भरली की न्यूट्रललाही इंजिन एका लयीत राहत नाही. इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलं असेल तर पाय दाबताना-सोडताना खालून धक्का बसतो, ठक् असा. आणि पावसाळ्यात, इंजिनावर ताण पडल्यावरच मिस मारत असेल तर आधी ठिणगी बघायची.

हे ऐकत असताना मी तो फोटो दाखवला. मिस्त्रींनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला आणि टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने आतूनच हाक मारली, "सर, खाली या."

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे गोलाकार बोल्ट असतात. गिअरबॉक्स उतरवायचा तर ते सगळे काढावे लागतात, त्याशिवाय क्लचप्लेट दिसतसुद्धा नाही. टॉर्चच्या उजेडात ते बोल्ट मी पाहिले. डोक्यावर गंज, आणि गंजावर आमच्याकडची तांबडी माती सुकून खडखडीत बसलेली. दोन-तीन पावसाळ्यांचा थर असावा. मी नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि बोटाला चिकटला. पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या, माती उडाली असती.

"गिअरबॉक्स उतरवलान म्हणून सांगितलान तुम्हाला?" मिस्त्री म्हणाले. "ह्या बोल्टाला कोणी हात लावलेला नाय. आणि फोटोतली प्लेट तेलात भिजलेली आहे. तुमच्या गिअरबॉक्सखाली तेलाचा एक थेंब नाय. ही दुसऱ्याच गाडीची."

"मग पेडल वर कसं आलं?"

त्यांनी बॉनेट उघडून क्लचच्या केबलच्या टोकाचा नट दाखवला. त्याचे आटे तेवढे ताजे, चकचकीत. दोन मिनिटांत नट आवळला होता, बस. ज्यांच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो त्यांना पेडल 'नवं' करून दाखवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय. वर त्यात नुकसान. पेडलला थोडीशी मोकळीक लागते. ती काढून टाकली की क्लच सोडवणाऱ्या रिलीझ बेअरिंगवर सतत दाब राहतो आणि चांगला असलेला क्लच खरोखरच घसरायला लागतो. म्हणजे वर्षभराने मी त्याच गॅरेजात क्लच गेला म्हणून गेलो असतो, आणि तेव्हा तो खराच गेलेला असता.

आता खरा दोष. मिस्त्रींच्या पुतण्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला. दोषाचा कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तेच मिस मारणं. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावलाच नव्हता. पण मिस्त्री नुसत्या कोडावर कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, विकणारे नव्हते. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला बसवली, तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड पुसला, पुतण्याने पावसातच चढावर एक फेरी मारली. परत आला तेव्हा कोड होता पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता. मी वर्गात प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं मुलांना बजावतो. इथे मी बघ्या होतो.

कॉइलच्या खालच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ. इंजिनावर ताण आला की आतला दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. रबर दमट आणि चिरलेलं असलं की वीज प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी चिरेतून शेजारच्या धातूत उतरते. कोरड्या हवेत ती तिथून जाईनाशी होते, म्हणून माझे ते तीन दिवस सुरळीत गेले. वीज सोपी वाट धरते हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

एक कॉइल, चार प्लग, मजुरी, सगळे मिळून २,६०० झाले. मिस्त्रींनी न मागता जुनी कॉइल आणि जुने प्लग पिशवीत घालून दिले, बिलावर तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिले.

बोल्टांचे फोटो घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजात गेलो. मालक आधी हसला, मग "पोराने चूक केली असेल" म्हणाला, मग आवाज चढवला. मी म्हटलं, आत्ता तुमच्याच रॅम्पवर गाडी चढवा आणि गिऱ्हाइकांसमोर बोल्ट बघू. त्या वेळी तिथे तिघे उभे होते. गाडी काही वर चढली नाही. ६,००० रुपये हातात ठेवले, बाकीचे "गणपतीनंतर."

गणपती झाले, पैसे आले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे आणि जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्याकडे पुरावा म्हणून आहे ते वहीचं पान, ज्यावर गॅरेजचं नावच नाही, आणि रोख दिलेले पैसे. यूपीआयने दिले असते तर निदान कुणाच्या खात्यात गेले ते तरी दिसलं असतं. अर्ज लिहून ठेवलाय, बोल्टांचे फोटो जोडलेत, मिस्त्री "बोलवलंत तर येईन" म्हणालेत.

केबल मिस्त्रींनी त्याच दिवशी सैल करून पूर्ववत केली. तरी आठवडाभर माझा डावा पाय पेडल वरच शोधत होता आणि शाळेच्या फाटकात दोनदा गाडी बंद पडली, मुलांसमोर.